सदा, तुझं बायकांचं मशीन

सदा,

शकूचं सांगलीत काय झालं ते ऐकायच्या आधी तू गेलास. बाकी घरातलं सगळं तुला जाताना ठाऊक होतं. ही एकच गोष्ट राहिली, म्हणून लिहायला बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मोठं येतं आणि ओळी वर चढत जातात. तू हसायचास त्याला. आता हसणारा कोणी नाही, तर चढू देत कशा चढतात तशा.

लोक येऊन भेटून गेले. चांगलंच बोलले. देवमाणूस होता, असं दोघंतिघं म्हणाले. देवमाणूस कसला? भाकरी जरा करपली तर ताट तसंच सरकवणारा माणूस होतास तू. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझ्या कंबरेला लागायचास. नाक पुसायला तुला मी शिकवलं. त्यामुळं तू पलटणीतून हवालदार होऊन, मिशा वळवून परत आलास तेव्हा साऱ्या गावाला तुझं कौतुक वाटलं तरी मला काही फार वाटलं नाही. तू पायाला हात लावलास आणि उभा राहायच्या आधीच विचारलंस, "वयनी, माळ्यावर जागा हाय का? सामान लय हाय."

ते सामान म्हणजे लोखंडाचं भंगार. पलटणीत तू तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या खात्यात होतास. तिकडं जबलपूरला शिकायला पाठवलं तेव्हा एका इमारतीत तुला कंप्युटर बघायला मिळाला, दारात उभं राहून. आत जायची परवानगी नव्हती. ते तुझ्या डोक्यात बसलं. परत आलास, सांगली-मिरजेच्या जुन्या बाजारात हिंडलास, मोडक्या टेलिफोनचे खटके पोत्यात भरून आणलेस. त्याला तू रिले म्हणायचास. वीज आली की खटका ओढला जातो, गेली की सुटतो. एवढंच त्याचं काम. चहाच्या खोक्यात ते खटके बसवलेस, वर बॅटरीचे पाच दिवे लावलेस, खाली बटणं. ट्रकची जुनी बॅटरी जोडलीस. बटण दाबलं की आत कट्‌कट् व्हायचं आणि दिवे आलटून पालटून लागायचे.

"ह्यो कंप्युटर हाय," तू म्हणालास.

"हे काय करतं?"

"मोजतं."

"मोजायला मी हाय की घरात," मी म्हणाले.

तुझा दादा शेताकडं निघाला होता. तो तिथूनच म्हणाला, "ह्या दोघांना अजून एक मशीन आणून द्या रं, भांडायचं."

तुझं म्हणणं होतं की खरा कंप्युटर आपल्याकडं कधी येईल तेव्हा येईल, पण त्याला हुकूम कसा द्यायचा हे पोरांनी आधीच शिकून ठेवावं. पोरं चार दिवस आली. दिवे बघितले आणि गेली. पोरांना दिवे लागलेले बघायचे होते, का लागतात त्याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. मग पावसाळ्यात खटके गंजले, बॅटरी बसली. रहिमतपूरला ती भरायला न्यायची, आणायची, परत बसायची. तू खोक्यासमोर उकिडवा बसून फुंकर मारत राहायचास. तेव्हा तुझ्याकडं बघून मला वाईट वाटायचं, पण मी तसं बोलले नाही. बोलले असते तर तू चिडला असतास.

बायकांचं मशीन कसं झालं ते कोणी विचारलं की तू नेहमी थोडं वाढवून सांगायचास. मी आहे तसं लिहिते.

पेरणीच्या आधी बियाण्याच्या शेंगा फोडायला आपल्या अंगणात बायका बसल्या होत्या. मी दाणे मापत होते. बाजारात किलो आले तरी घरात आपली मापं जुनीच. दोन चिपटी झाली की एक मापटं, दोन मापटी झाली की एक शेर, दोन शेर झाले की अडशेरी, दोन अडशेऱ्या झाल्या की पायली. तू ओट्यावर खोकं पुढ्यात घेऊन बसला होतास. एकदम ओरडलास, "वयनी, थांबा! काय म्हणालात? परत म्हणा!"

मला वाटलं इंचू चावला.

"दोनाचं एक, दोनाचं एक," तू म्हणत राहिलास. "आवं, ह्येच तर हाय! ह्येच हाय खोक्यात! आपल्या घरात हुतं की ओ हे!"

मग तू पाच जणींना हातातल्या शेंगा ठेवायला लावल्यास आणि ओळीनं बसवलंस. उजव्या टोकाची चिपटं. तिच्या शेजारची मापटं, मग शेर, मग अडशेरी, डाव्या टोकाला पायली. हात वर म्हणजे माप भरलं, हात खाली म्हणजे रिकामं. मी एक हाक दिली की चिपट्यानं बदलायचं. हात खाली असेल तर वर, वर असेल तर खाली. बाकीच्यांनी फक्त आपल्या उजव्या हाताच्या बाईकडं बघायचं. तिचं भरलेलं माप रिकामं झालं की आपलं बदलायचं. तिचं भरलं तर काही करायचं नाही. एवढाच नियम.

हात वर धरून धरून बायका दमल्या. कल्हईवाल्याची आमिना शेर झाली होती. ती म्हणाली, "सदाभाऊ, हात मोडले आमचे. डोक्यानं काय हुतंय का बगा." आणि तिनं पदर डोक्यावर ओढला. "ह्यो बगा शेर भरला." मग खांद्यावर टाकला. "ह्यो सांडला."

तेव्हापासून पदर ठरला. डोक्यावर म्हणजे एक, खांद्यावर म्हणजे शून्य.

पहिल्या दिवशी तू परेडसारखा ओरडायला लागलास, "एक! दो! बदल!" सगळ्या एकदम बदलायच्या. गोंधळ. मी म्हणाले, तुझी पलटण बंद कर. उखळात मिरची कांडताना दोघी मुसळ कशा चालवतात? एकीचं उचललं की दुसरीचं पडतं. एकदम मारलं तर डोकी फुटतील. बायकांना हे सांगावं लागत नाही. मी मुसळ घेतलं आणि एकदा आपटलं. चिपटं बदललं, मग मापटं, मग शेर. ओळ शांत झाल्याशिवाय दुसऱ्यांदा आपटायचं नाही. मग ते चालू लागलं. पंधरावर नेऊन मी परत मुसळ आपटलं तेव्हा उजवीकडून डावीकडं पदर सरसर उतरत गेले आणि शेवटी एकट्या पायलीचा पदर डोक्यावर चढला. सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. तू मिशीवरून हात फिरवलास. त्या दिवशी तुझा चेहरा मी बघितला, तो मला चांगला आठवतो.

पण आपलं भांडण तिथंच लागलं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

पायलीच्या जागी बसलेली सून हुशार होती. शेजारणीचा पदर पडायच्या आधीच तिला कळायचं आता आपली पाळी आहे, आणि ती आधीच बदलायची. गणित चुकायचं. तू तिला म्हणालास, "आपलं डोकं चालवायचं न्हाई. सांगितलंय तेवढंच करायचं. तू मशीन हायस."

मी मुसळ खाली ठेवलं. "सदा, डोकं चालवायचं न्हाई हे शिकवायला तू जबलपूरला गेलतास व्हय? हे त्यांच्या सासवा फुकट शिकवत्यात."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. तू हसला नाहीस.

"वयनी, एकदा आपण मशीन हून बगितलं की त्याला हुकूम कसा द्यायचा ते कळतंय."

"आणि हुकूम द्यायला ह्यांना बसवणार कोण?"

दुसऱ्या दिवसापासून तू एकीला ओळीतून उठवून समोर उभं करायला लागलास, हुकूम द्यायला. पाळीपाळीनं. दोन संख्या मिळवायच्या तर ओळीला काय सांगायचं ते तिनं ठरवायचं. तिनं चुकीचं सांगितलं तर ओळ चुकीचंच करून दाखवायची. ओळीनं दुरुस्त करायचं नाही. तुझा हट्ट तो. मला तो पटायचा नाही. समोर चूक दिसत असताना माणसानं का करावी? तू म्हणायचास, चूक हुकमातली की करणाऱ्यातली हे कळायचं असेल तर करणाऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही. मी म्हणायची, अशानं घरं बुडतात. तू म्हणायचास, मशीन आणि घर एक नव्हे. मी म्हणायची, बसलेल्या बाया त्याच आहेत.

ह्यातलं कोण बरोबर, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. तुझंही म्हणणं तोडून टाकण्यासारखं नव्हतं. हे तू असताना मी कबूल केलं नसतं.

मग आण्णा आले तो दिवस. आण्णा म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. शाळेतली एक खोली ह्या शिकवणीला मिळावी म्हणून तू त्यांना बघायला बोलावलं होतंस. ते यायच्या आधी काम चालू असावं म्हणून आपण चारपर्यंत मोजून थांबलो होतो. आमिनाचा पदर डोक्यावर, बाकीच्यांचे खांद्यावर. आण्णा अंगणाच्या दारातून खोकत आत आले. पाचांतल्या चौघी गावच्या सुना. आण्णांचं खोकणं ऐकलं आणि एका झटक्यात सगळ्यांचे पदर डोक्यावर. माना खाली.

आण्णांनी बघितलं. "काय रं सदा, पुराण लावलंयस व्हय?"

"न्हाई आण्णा, ह्यो कंप्युटर हाय."

आण्णांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली. "ह्यातली कंची?"

"सगळ्या मिळून. बगा आता, चार झाल्यात," म्हणून तू ओळीकडं वळलास आणि तिथं एकतीस झाले होते. पाचही मापं भरलेली. तू एक क्षण बघितलंस आणि असा हसायला लागलास की ओट्यावर बसावं लागलं. आमिना हसली, मग सगळ्या हसल्या, पदर तोंडावर धरून. आण्णांना वाटलं त्यांनाच हसतात. चहा न घेता गेले. खोली मिळाली नाही.

आण्णांच्या जागी कोणीही असता तरी तेच झालं असतं. सासरच्या वडीलधाऱ्यापुढं डोकं उघडं ठेवून बसा म्हणून कुठल्या सुनेला सांगणार? आणि समजा सांगितलं, तर घरी गेल्यावर तिला कोण वाचवणार? तू म्हणालास, पदराऐवजी दुसरं काहीतरी घेऊ. मी म्हणाले, पदर राहू दे, बायका बदल. सुनांच्या जागी लेकी बसव. माहेरात लेकीला कोणापुढं डोकं झाकावं लागत नाही. आमिनाचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत, ती लेकही आणि सूनही, सोयीप्रमाणं. ती राहिली. बाकीच्या जागांना माहेरी आलेल्या, घरी असलेल्या लेकी शोधल्या. एक जागा भरेना.

तेव्हा मी मागच्या खोलीत गेले आणि शकूला म्हणाले, "ऊठ."

दुसरं कोणी हे वाचलं तर कळावं म्हणून लिहिते, शकू माझी थोरली लेक. पाटणच्या बाजूला दिली होती. मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडली. दहावी झालेली पोर, पण आली तेव्हापासून मागच्या खोलीत धान्य निवडत बसायची आणि पुढच्या अंगणात यायची नाही. लोक बघतील म्हणून. तिच्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे, आजारी माणसाशी बोलतात तसं. तू नाही बोललास. ती बाहेर आली तेव्हा तू तिला बरी आहेस का असं विचारलं नाहीस. म्हणालास, "पायली रिकामी हाय. बस."

ती बसली.

महिनाभर ती नुसती पायली होती. तिच्यापर्यंत पाळी क्वचित यायची, त्यामुळं बघायला वेळ मिळायचा. एका दुपारी तिची हुकूम द्यायची पाळी आली. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आज नियम उलटा. शेजारणीचा पदर पडला तर गप्प बसा. चढला तरच आपला बदला."

तू म्हणालास, "कशाला?"

ती म्हणाली, "करू तर द्या, काका."

बारापासून सुरू केलं. मी मुसळ आपटलं. अकरा झाले. परत आपटलं. दहा. नऊ. त्याच बायका, तीच ओळ, एकच शब्द बदलला आणि मशीन उलटं चालायला लागलं. वजाबाकी. तुझ्या खोक्यात वजाबाकीसाठी वेगळे खटके लावावे लागले असते. तू उठलास. आत जाऊन पाणी पिऊन आलास. आमिना म्हणाली, "आता काय आमाला आमच्या बापाच्या घरी पोचवती काय ही, उलटं मोजत?" सगळ्या हसल्या. शकू हसली. ती हसलेली मी बऱ्याच दिवसांनी बघितली. त्याबद्दल मी तुला काही म्हणाले नव्हते. आता म्हणते: बरं केलंस.

पुढचं लवकर झालं. सांगलीच्या एका गिरणीत हिशेबाला कंप्युटर आला होता आणि आकडे त्याला वाचता यावेत म्हणून कार्डांना भोकं पाडायला मुली हव्या होत्या, ही खबर तू पेपरात वाचलीस आणि शकूनं अर्ज धाडला. त्याच आठवड्यात पाटणहून निरोप आला. यायची असली तर दिवाळीपर्यंत ये, नाहीतर आम्ही दुसरी बघतो. भातकापणी तोंडावर होती, त्यांना हात हवे होते. एवढं समजायला चौथी शिकावी लागत नाही.

सरळ हिशेब होता. सांगलीत लागली तर ती आपल्या पायावर उभी. नाही लागली तर लोक म्हणणार, बोलावतायत तर पाठवा, घरात किती दिवस ठेवणार. आणि तुझा दादा भिडस्त माणूस, लोक म्हणाले की ऐकणारा.

मी तुला म्हणाले, "पाटणला जा आणि सांगून ये, ती येणार न्हाई."

"शकूला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिच्या तोंडावर दिसतंय."

"दिसतंय ते तुमाला दिसतंय. तिला बोलू द्या की."

"ती बोलायची न्हाई. कवा बोलली हाय?"

"मग आपण थांबू."

"तू थांब. तुझ्या मशिनीला थांबायला येतं. मला न्हाई."

हे आपलं शेवटचं मोठं भांडण. आणि मुलाखतीच्या दिवशी तू सांगलीला यायलाच नाही म्हणालास. मी विचारलं, कंप्युटरची भाषा बोलणारा तू, आणि मी जाऊन काय करू? तू म्हणालास, मी आलो तर ती साहेबाकडं न बघता माझ्याकडं बघून उत्तर देईल. म्हणून मी गेले. सकाळच्या एसटीनं. तू स्टँडवर सोडायला आलास आणि शकूला म्हणालास, "घाबरू नको, ती बी माणसंच हायत." एवढंच. तुला तिला खूप सांगायचं होतं ते दिसत होतं. नाही सांगितलंस.

गिरणीत मला बाहेर बाकावर बसवलं. शकू आत गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "झालं." मी जास्त विचारलं नाही, कारण घरी गेल्यावर तू विचारणार होतास आणि एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायला लावायची? वाटेत इस्लामपूरला गाडी थांबली तिथं पेरू घेतले. ते आंबट निघाले म्हणून मी बडबडले. शकू खिडकीबाहेर बघत होती. आपल्या फाट्यावर उतरलो तर आमिनाचा नवरा उभा होता. त्यानं काही सांगायच्या आधी मला कळलं, कारण त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि तो माझ्याकडं बघत नव्हता.

दुपारी विहिरीवर तुझ्या छातीत कळ आली म्हणे. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं.

तू आमच्याबरोबर आला असतास तर सांगलीत दवाखाना होता. हे मी लिहून टाकते, नाहीतर ते आत राहून कुजेल. तुझं ते थांबायचं, तिला बोलू द्यायचं, ते तुझ्या जिवावर बेतलं का? डॉक्टर असता तरी काही करता आलं नसतं, असं तुझा दादा म्हणतो. मला माहीत नाही. मी तुझ्यावर रागावले आहे आणि तो राग उतरायला वेळ लागेल. तुझी कमळ लग्नानंतर लवकर गेली, पोरबाळ नाही, म्हणून तेराव्याला सगळं आम्हीच केलं. शेंगदाण्याची चटणी केली होती. तुला आवडायची म्हणून नव्हे, घरात दाणे होते म्हणून. पण वाढताना हात थांबला.

त्या दिवसांत सांगलीचं नाव कोणी काढलं नाही. पाटणचा धाकटा दीर भेटायला आला. रीत म्हणून आला आणि रीत झाल्यावर मागच्या दारी जाऊन शकूला म्हणाला, "मग काय ठरवलंय वैनी? दिवाळी जवळ आली." मी सैपाकघरात होते, मला ऐकू येत होतं. मी पदर खोचून उठले, त्याला चार शब्द ऐकवायला. तेवढ्यात शकू म्हणाली, "मी येत न्हाई. चहा घेऊन जा."

आवाज चढवला नाही. चहा दिला. तो पिऊन गेला.

सांगलीचं अजून काही कळलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नोकरी नक्की नसताना ती बोलली. मी परत खाली बसले. माझे चार शब्द तसेच राहिले.

मग पोस्टमन आला. शकूनं दारातच उभ्यानं वाचलं आणि म्हशीला पेंड घालायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "लागली. सहा महिने बघणार हायत, मग कायम." मी म्हणाले, "बरं झालं." दोघींनीही तुझ्या ओट्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना मी विचारलं, "काय इचारलं हुतं गं तुला आत?"

तिनं सांगितलं. तीन साहेब होते. पहिल्यानं विचारलं, नवरा असताना नोकरी कशाला? ती म्हणाली, नवरा आहे आणि पोटही आहे. दुसऱ्यानं विचारलं, मशिनीवर काम केलंय का कधी? ती म्हणाली, "मशिनीवर न्हाई साहेब, मशिनीत केलंय." ते हसले. तिनं टेबलावरच्या टाचण्या घेऊन ओळ मांडून दाखवली. त्यातल्या एकानं बघितलं, बाकीचे चहा पीत होते. मग तिसरा, म्हातारा होता, त्यानं विचारलं, "इथं दिलेलं काम जसंच्या तसं करायचं असतं. आपलं डोकं चालवायचं नाही. जमेल का?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हणले, जसंच्या तसं मशीन करतं. मी बगून करीन. हुकूम चुकीचा दिसला तर कार्ड बाजूला ठेवून तुमाला येऊन सांगीन. तरी करा म्हणालात तर करीन. पण चूक कुणाची ते मग दोघांनाबी म्हाईत असंल."

"मग तो काय म्हणाला?"

"काय न्हाई. लिहून घेतलं."

सदा, मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. तू करपलेली खात नव्हतास, तुझा दादा खातो. मी विचार करत होते की हे बोलणं कोणाचं? जसंच्या तसं करायचं, चूक कुणाची ते कळू द्यायचं, हे तुझं. बघून करायचं, समोर चूक दिसल्यावर गप्प राहायचं नाही, हे माझं. इतके दिवस आपण ओट्यावर भांडलो आणि पोरीनं दोन्ही एकत्र करून साहेबापुढं ठेवलं. तू असतास तर म्हणाला असतास, बघा वयनी, माझंच बरोबर निघालं. आणि मी तुला सोडलं नसतं. रात्रभर वाद घातला असता आपण.

तू नव्हतास, म्हणून मी तिलाच विचारलं. "खरं सांग. हे तू काकाचं बोललीस का माझं?"

ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"तुमा दोघांचं कशाला असंल?" ती म्हणाली. "इचारलं मला हुतं."

सोमवारी ती सांगलीला जाते आहे. पेटी तिनं स्वतःच भरली.